वकीलसाहेबांच्या टेबलावर ‘एआय’ आला. पण कोर्टात दिलेला निवाडा खरा आहे ना, एवढं पक्षकारानं विचारायलाच हवं

बांधाचा दावा असो, वाटणीचा असो की चेक परत गेल्याचा, तालुक्याच्या कोर्टात तारखेला गेलेला माणूस वकिलाच्या टेबलावर आजवर एकच गोष्ट बघत आला: दोरीनं बांधलेल्या फायलींचा गठ्ठा. आता त्या गठ्ठ्याशेजारी मोबाईल उघडा असतो आणि त्यात कृत्रिम बुद्धिमत्ता, म्हणजे सगळे ज्याला ‘एआय’ म्हणतात ते चालू असतं. नोटिशीचा मसुदा, जुन्या निकालाचा सारांश, इंग्रजी आदेशाचं मराठी, अशी कामं वकील मंडळी त्याच्याकडून करून घेऊ लागली आहेत. काही जण उघड सांगतात, काही जण सांगत नाहीत.

यात चूक काही नाही. पण आपली जमीन, आपली मुदत आणि आपले कागद यात गुंतलेले असतात, म्हणून हे यंत्र नेमकं काय करतं आणि कुठं घसरतं हे पक्षकारालाही कळायला हवं.

सुरुवात मोठ्या शहरांतून झाली. मुंबईची सिरिल अमरचंद मंगलदास ही देशातली मोठी वकिली फर्म. तिनं २०१७ मध्येच कॅनडाच्या ‘किरा’ नावाच्या सॉफ्टवेअरचा वापर सुरू केला. कंपन्यांचे शेकडो पानी करार वाचून त्यातली हवी ती कलमं शोधून काढायची, हे त्याचं काम. जे काम चार ज्युनियर वकील रात्र जागून करायचे, ते यंत्र आधी चाळून देतं आणि वकील मग तपासतात. लंडनच्या अ‍ॅलन अँड ओव्हरी या फर्मनं फेब्रुवारी २०२३ मध्ये ‘हार्वे’ नावाचं एआय आपल्या साडेतीन हजार वकिलांसाठी खुलं केल्याचं जाहीर केलं. ‘चॅटजीपीटी’ बाजारात येऊन तेव्हा जेमतेम तीन महिने झाले होते.

कोर्टंही मागे नाहीत. सर्वोच्च न्यायालयानं नोव्हेंबर २०१९ मध्ये निकालांच्या भाषांतरासाठी ‘सुवास’ हे सॉफ्टवेअर आणलं. एप्रिल २०२१ मध्ये तेव्हाचे सरन्यायाधीश, आपल्या नागपूरचे शरद बोबडे यांच्या हस्ते ‘सुपेस’ ही न्यायाधीशांना कागदपत्रं चाळायला मदत करणारी यंत्रणा सुरू झाली. निर्णय मात्र न्यायाधीशच घेणार, हे त्यांनी तेव्हाच स्पष्ट केलं होतं. सप्टेंबर २०२३ मध्ये केंद्रानं ई-कोर्ट प्रकल्पाच्या तिसऱ्या टप्प्याला ७,२१० कोटी रुपये मंजूर केले, त्यातले ५३.५७ कोटी एआय आणि तत्सम नव्या तंत्रासाठी आहेत.

मोठ्या फर्मकडे संगणकवाले असतात, पैसे भरून घेतलेलं सुरक्षित सॉफ्टवेअर असतं, कुणी काय वापरायचं याचे लेखी नियम असतात. तालुक्याचा वकील म्हणजे एक टेबल, एक कारकून, एखादा ज्युनियर आणि कोर्टाबाहेरचा टायपिस्ट. तिथं एआय येतं ते मोबाईलमधल्या फुकटच्या अ‍ॅपमधून, कुठल्याही नियमाशिवाय. धोका आहे तो इथं.

न्यूयॉर्कचं एक प्रकरण जगभरच्या वकिलांना माहीत झालं आहे. रॉबर्टो माता नावाच्या प्रवाशाच्या गुडघ्याला विमानात जेवण वाढायची गाडी लागली, म्हणून त्यानं एव्हियांका या विमान कंपनीवर दावा लावला. त्याच्या वकिलाला तीस वर्षांहून जास्त अनुभव. त्यानं आपल्या बाजूचे जुने निकाल चॅटजीपीटीकडून मागवले आणि कोर्टात सादर केले. समोरच्या वकिलांना ते निकाल कुठंच सापडेनात. सापडणार कसे? सहा निकाल चक्क अस्तित्वातच नव्हते. पक्षकारांची नावं, कोर्ट, वर्ष, सगळं यंत्रानं रचलेलं. वकिलानं मधे यंत्रालाच विचारलं होतं, हे खरे आहेत का? यंत्र म्हणालं, हो, खरे आहेत!

२२ जून २०२३ रोजी न्यायाधीश केविन कॅस्टेल यांनी दोन वकील आणि त्यांच्या फर्मला मिळून ५,००० डॉलरचा दंड केला, म्हणजे त्या वेळच्या भावानं साधारण चार लाख रुपये. आदेशात त्यांनी एक गोष्ट नीट लिहिली: विश्वासार्ह एआयची मदत घेणं मुळात गैर नाही. चूक ही की तपासलं नाही, आणि शंका आल्यावरही ते खोटे निकाल खरे म्हणून रेटत राहिले. माताचा मूळ दावा मुदतीच्या मुद्द्यावर फेटाळला गेला, ती गोष्ट वेगळी.

अमेरिकेचं सोडा, आपल्याकडेही झालं. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयासमोर आयकराचं प्रकरण आलं. एका कंपनीच्या उत्पन्नाची आकारणी करताना अधिकाऱ्यानं ज्या निवाड्यांचा आधार घेतला होता, ते निवाडेच अस्तित्वात नव्हते. न्यायालयानं आकारणीचा आदेश रद्द करून प्रकरण नव्यानं विचारासाठी परत पाठवलं. एआयच्या जमान्यात यंत्रानं दिलेल्या उत्तरावर माणसं फार विसंबतात, पण असा अधिकार वापरणाऱ्यानं ते तपासूनच वापरावं, असंही सुनावलं. इथं चूक वकिलाची नव्हती, सरकारी आदेशातली होती. म्हणजे कागद समोरून आला तरी तपासावाच लागतो.

यंत्र असं का करतं? साधं आहे. ते कायद्याचं पुस्तक उघडून बघत नाही. अब्जावधी वाक्यं वाचून, या शब्दानंतर कोणता शब्द येतो याचा अंदाज बांधत ते लिहीत जातं. गावात अनोळखी माणसानं रस्ता विचारला की ‘माहीत नाही’ म्हणायचं जिवावर येतं, म्हणून ‘हे बघा, पुढं वडाच्या झाडाला डावीकडं वळा’ असं ठासून सांगणारा एखादा असतोच. एआयचं तसं आहे. काही नवी साधनं खरे निकाल शोधून त्यावरून उत्तर देतात, त्यात चुका कमी होतात, पण बंद होत नाहीत.

खोट्या निवाड्यापेक्षाही आपल्याकडे जास्त घात होऊ शकतो तो जुन्या कायद्यामुळं. समजा, एखादी विवाहित बहीण विचारते, वडील २००३ मध्ये वारले, वडिलोपार्जित जमिनीत मला हिस्सा आहे का? हिंदू वारसा कायद्यात ९ सप्टेंबर २००५ पासून मुलीला मुलाइतकाच हक्क मिळाला. २०१५ मध्ये ‘प्रकाश विरुद्ध फुलवती’ प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं होतं की त्या तारखेला वडील हयात असायला हवेत. पण ११ ऑगस्ट २०२० रोजी ‘विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा’ या निकालात तीन न्यायमूर्तींच्या पीठानं ते बदललं: हक्क जन्मानं मिळतो, त्या दिवशी वडील हयात असण्याची गरज नाही. फक्त २० डिसेंबर २००४ पूर्वी कायदेशीरपणे झालेली वाटणी मोडता येत नाही. आता यंत्रानं २०१५ चा निकाल समोर ठेवला, आणि वकिलानं किंवा त्या बहिणीनं तो खरा मानला, तर? निकाल खराच आहे, बनावट नाही. पण आज तो चालत नाही. एका उत्तरापायी बहिणीचा हिस्सा जायचा. घरचे लोक हक्कसोड लिहून घ्यायला तयारच असतात, हे काही वेगळं सांगायला नको.

फौजदारीचंही तेच. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली. फसवणुकीचं ‘चारसोवीस’ आता कलम ३१८(४) झालं. मात्र त्या तारखेच्या आधी घडलेल्या गुन्ह्याला जुनंच कलम लागतं. यंत्र दोन्हींची सरमिसळ करू शकतं.

मुदतीचा प्रश्न तर सगळ्यात नाजूक. दिवाणी निकालावर जिल्हा न्यायालयात अपील करायला ३० दिवस, उच्च न्यायालयात ९० दिवस, नकल मिळायला लागलेले दिवस वगळून. यंत्रानं ३० च्या जागी ९० सांगितले आणि कुणी पुस्तक उघडलं नाही, तर पुढं उशीरमाफीचा अर्ज घेऊन उभं राहायची पाळी येते.

मराठी कागदांची आणखी एक गंमत. गंमत कसली, डोकेदुखी. हस्तलिखित फेरफार, पुसट झालेलं खरेदीखत, मोडीतला जुना दस्त, यांचा मोबाईलवर काढलेला फोटो यंत्राला धड वाचता येईलच असं नाही. आणि नाही वाचता आलं तरी ते काहीतरी लिहून देतंच. सातबाऱ्यावर ०.४० हेक्टर म्हणजे जवळपास एक एकर. तेच ०.०४ वाचलं गेलं तर चार गुंठे! भाषांतरातही असंच होतं. ‘लीव्ह ग्रँटेड’ म्हणजे अपील दाखल करायला परवानगी दिली. यंत्रानं हिंदीत त्याचं ‘सुट्टी मंजूर’ अशा अर्थाचं भाषांतर केलं, हे उदाहरण न्यायालयीन वर्तुळात अजून सांगितलं जातं. आपल्या जिल्हा आणि तालुका कोर्टांचं काम मराठीत, उच्च न्यायालयाचं इंग्रजीत. म्हणजे अपिलात गेलेल्या प्रत्येक फायलीचं भाषांतर आलं, आणि हे काम एआयवर टाकायचा मोह सगळ्यात मोठा.

मग वकिलांनी हे वापरूच नये का? उलट, नीट वापरलं तर पक्षकाराचाच फायदा आहे. वीस वर्षं चाललेल्या दाव्यात कोणत्या तारखेला काय झालं याची यादी करायला कारकुनाला दोन दिवस लागतात, यंत्र काही मिनिटांत कच्ची यादी देतं. समोरच्याची चाळीस पानी कैफियत आणि आपला दावा यात फरक कुठं कुठं आहे हे ते दाखवतं. उलटतपासात विचारायचे प्रश्न सुचवतं. इंग्रजी आदेशात काय लिहिलंय हे पक्षकाराला सोप्या मराठीत सांगायला तर फारच उपयोगी. ‘तारीख पडली’ एवढंच ऐकून परतणाऱ्या माणसाला निदान का पडली ते तरी कळेल.

एकट्यानं चालवलेल्या वकिली ऑफिसला यासाठी लाखाचं सॉफ्टवेअर लागत नाही, शिस्त लागते. आधी एकच काम निवडावं, तारखांच्या यादीसारखं, जे मूळ फायलीशी लगेच ताडून बघता येतं. निवाडे शोधायचं काम सुरुवातीला यंत्राला देऊच नये. दिलं तर मूळ निकाल पूर्ण उघडून वाचल्याशिवाय कोर्टात द्यायचा नाही, आणि नंतरच्या निकालानं तो बदललाय का हेही बघायचं. सर्वोच्च न्यायालयाचे निकाल ‘ई-एससीआर’वर जानेवारी २०२३ पासून फुकट आहेत, उच्च न्यायालयाचे त्याच्या वेबसाईटवर मिळतात. ज्युनियरनं काय तपासलं त्याची फायलीत सहीनिशी नोंद ठेवावी. केरळ उच्च न्यायालयानं जुलै २०२५ मध्ये जिल्हा न्यायालयांसाठी धोरण काढलं, त्यात असाच आग्रह आहे: मंजूर केलेलीच साधनं वापरा, वापराची नोंद ठेवा, निर्णय यंत्राला घेऊ देऊ नका. ते न्यायाधीश आणि कर्मचाऱ्यांसाठी आहे, पण वकिलानं त्यावरून आपलं पानभर नियमपत्रक करायला हरकत नाही.

गुपिताचा मुद्दा वेगळा सांगावा लागेल. वकिलाला विश्वासानं सांगितलेली गोष्ट त्याला बाहेर सांगता येत नाही, भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३ च्या कलम १३२ नं ते बांधलेलं आहे. पण तीच गोष्ट फुकटच्या अ‍ॅपमध्ये टाकली की ती दूर कुठल्या तरी कंपनीच्या संगणकावर जाते, आणि अनेक फुकट सेवांमध्ये ती यंत्राला शिकवायलाही वापरली जाऊ शकते. म्हणून नाव, गट नंबर, आधार, मोबाईल नंबर खोडूनच मजकूर टाकावा, नाहीतर तसा वापर होणार नाही असा करार असलेली पैसे भरून घ्यायची सेवा वापरावी. पक्षकारांनीही हे ध्यानात घ्यावं. आपल्या मोबाईलमधलं चॅट म्हणजे वकील नाही. तिथं लिहिलेल्याला वकिलाचं संरक्षण आहे असं धरून घरातली सगळी भानगड ओतू नये.

पूर्वी पारावर बसून कायदा सांगणारे होते, आता ते खिशात आलेत, एवढाच फरक. ‘साहेब, मोबाईल तर असं म्हणतोय’ म्हणून वकिलाशी वाद घालणारे पक्षकारही वाढलेत. वाद घालावा, पण मोबाईलनं सांगितलेला निकाल छापून न्यावा आणि हा आज चालतो का, असं विचारावं.

फीचं काय, हा प्रश्न गावात पहिला येणार. मसुदा तासाभरात होत असेल तर टायपिंग-मसुद्याचे पैसे कमी व्हायला हवेत, ही अपेक्षा रास्त आहे. पण सही वकिलाची असते आणि चूक झाली तर जबाब त्यालाच द्यावा लागतो. अधिवक्ता अधिनियम १९६१ खाली बार कौन्सिल कारवाई करते ती वकिलावर, यंत्रावर नाही.

तेव्हा पुढच्या तारखेला वकीलसाहेबांना सरळ विचारायला हरकत नाही: आमच्या कामात एआय वापरता का, आमचे कागद त्यात टाकता का, आणि दिलेले निवाडे तुम्ही स्वतः वाचलेत ना? चांगला वकील यावर रागवत नाही. दाव्याचा १६ अंकी-अक्षरी सीएनआर नंबर मागून घ्या, ‘ई-कोर्ट्स सर्व्हिसेस’ अ‍ॅपमध्ये टाकला की पुढची तारीख आणि झालेले आदेश स्वतःलाच दिसतात. वकील परवडत नसेल तर महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, दिव्यांग आणि कोठडीत असलेल्यांना विधी सेवा प्राधिकरण अधिनियम १९८७ नुसार मोफत वकील मिळतो, ठरलेल्या मर्यादेपेक्षा कमी उत्पन्न असणाऱ्यांनाही मिळतो. त्यासाठी कोर्टातल्या तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करावा किंवा १५१०० या नंबरवर फोन लावावा.