खानदेशातला ससा पांढरा नसतो

धुळ्याजवळच्या एका शेतात गव्हाची सोंगणी चालू होती. एका मजुराचा विळा अचानक थांबला. ताटांच्या बुडाशी ओंजळीत मावेल एवढं पिल्लू बसलेलं. अंगावर मातकट केस, डोळे टक्क उघडे, कान पाठीला चिकटवलेले. माणूस हातभरावर आला तरी हलेना. "भाऊ, याले मायनी टाकी दिन्हं," म्हणत त्याने ते अलगद टोपीत घातलं. शेजारी पाळलेले पांढरे ससे होते, त्यांच्यातच हेही वाढेल असा हिशेब. तिसऱ्या दिवशी पिल्लू गेलं.

हिशेब फसला तो थोडा भाषेमुळेही. पिंजऱ्यातला तो ससा आणि बांधावरचाही ससाच. इंग्रजीत रॅबिट आणि हेअर वेगळे, हिंदीतही रानातल्यासाठी 'खरहा' हा शब्द आहे. आपण एकाच शब्दावर दोन प्राणी भागवतो आणि अंकलिपीत चित्र काढताना हटकून पांढरा, लाल डोळ्यांचा, गाजर खाणारा काढतो. कापूस पिकवणाऱ्या जळगाव-धुळ्यातल्या पोरांनाही ससा कापसाच्या रंगाचाच वाटतो. त्यांच्या शेतातला ससा मात्र वाळल्या गवताच्या आणि मातीच्या रंगाचा.

तो पांढरा ससा मूळचा स्पेन-पोर्तुगालकडचा. जगातल्या पाळीव सशांच्या झाडून साऱ्या जाती त्या एका युरोपीय सशापासून निघाल्या. (त्यातली 'न्यूझीलंड व्हाइट' अमेरिकेत तयार झाली, तेव्हा नावावर जाऊ नये.) भारताच्या रानात हा प्राणी मुळात नव्हताच. सातपुड्याच्या पायथ्याला, अनेर धरणाच्या अभयारण्यात किंवा रात्री गाडीच्या उजेडात रस्त्यावर गोंधळून थबकतो तो 'लेपस नायग्रिकोलिस'. नावाचा अर्थ काळ्या मानेचा. दक्षिणेकडच्या सशांच्या मानेवर मागे काळा पट्टा असतो, उत्तरेकडच्यांची शेपटी वरून तांबूस-तपकिरी. पांढऱ्या सशाची गुणसूत्रं 44, लेपस प्रजातीतल्यांची 48. दोघांची जोडी जमत नाही, संकर होत नाही.

खरा फरक जन्मापासून दिसतो. पाळीव सशीण महिन्याभरात विते. त्याआधी ती स्वतःच्या पोटाचे केस उपटून मऊ गादी करते, कारण पिल्लं उघडी, आंधळी, लालबुंद जन्मतात. डोळे उघडायला दहाएक दिवस लागतात. तोवर बीळ हेच त्यांचं पांघरूण. रानसशिणीचे दिवस त्याहून जास्त, साधारण दीड महिना. पिल्लू बाहेर येतं तेच केसाळ आणि डोळे उघडून. त्याला बीळ नसतं. आपला ससा बीळ खणतच नाही. जीवावर बेतलं तर एखाद्या खबदाडात शिरेल, एरवी गवतात अंग दाबून केलेला उथळ खळगा हेच घर.

उघड्यावरच्या या बाळाचं रक्षण दोन गोष्टी करतात. ते हलत नाही, आणि आई जवळ थांबत नाही. आई सतत भोवती राहिली तर तिच्या मागावर कोल्हा यायचा. म्हणून ती दिवसभर लांब राहते, अंधारून आल्यावर येते, काही मिनिटं पाजते आणि निघून जाते. गाई-म्हशीच्या दुधाहून किती तरी दाट असं ते दूध पिल्लाला दुसऱ्या संध्याकाळपर्यंत पुरतं. गव्हातलं पिल्लू टाकलेलं नव्हतंच. आपल्याला ते दिवसा सापडलं, एवढंच.

मोठेपणीही रीत तीच. पाळीव सशाचे रानातले भाऊबंद चाहूल लागताच बिळाकडे धूम ठोकतात. आपला ससा अगदी पायाशी येईपर्यंत दबा धरतो, मग लांब मागच्या पायांवर उसळी घेतो आणि धावता धावता एकदम दिशा बदलतो. कुत्रं पुढे घसरत जातं. कुत्री चार असली की काय होतं, ते सांगायला मराठीत 'ससेहोलपट' आहेच. हा शब्द काही पिंजऱ्यातल्या सशावरून सुचलेला नाही. चंद्राला शशांक म्हणणाऱ्यांनी पाहिलेला ससाही हाच, लांब कानांचा. त्या कानांत रक्तवाहिन्यांचं जाळं असतं, त्यातून अंगातली उष्णता बाहेर पडते. पारा 44 वर गेलेल्या मे महिन्यात बोरीच्या जाळीखाली दुपार काढणाऱ्याला त्याचा मोठा आधार.

पांढरा ससा हौसेने पाळता येतो. रानातला घरी आणणं मात्र 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा ठरतं. पिल्लू दिसलं तर जागेवर राहू द्यावं. भोवतीचं पीक काढायचंच असेल, तर चार पावलांवर बांधाच्या गवतात सरकवावं. संध्याकाळी आई तिथेच आसपास येते.

अडचण वेगळीच आहे. गव्हाला आता हार्वेस्टर येतो. न हलण्याची युक्ती कोल्ह्यासमोर चालते. विळ्यासमोरही कधी कधी चालायची, कारण विळ्यामागे वाकलेला माणूस असायचा आणि त्याला पिल्लू दिसायचं.