अलिबाबाच्या गुहेत, खोपोलीजवळ

खोपोली म्हटलं की जुन्या माणसांना महडचा वरदविनायक आठवतो, पुढे पालीचा बल्लाळेश्वर आणि डोंगराच्या पायथ्याचं टाटांचं जलविद्युत केंद्र, ज्याची वीज १९१५ पासून मुंबईला मिळू लागली. शाळकरी मुलांना विचारलं तर उत्तर एकच येतं, इमॅजिका. खोपोली-पाली रस्त्यावर सांगडेवाडीजवळ एप्रिल २०१३ मध्ये हे मनोरंजन उद्यान सुरू झालं आणि खालापूर तालुक्याच्या या कोपऱ्यात सहलींच्या बसगाड्यांची रांग लागू लागली.

उद्यान उभं केलं मनमोहन शेट्टी यांनी. फिल्म प्रोसेसिंगच्या ॲडलॅब्जचे ते संस्थापक. वडाळ्याचं घुमटाकार आयमॅक्स थिएटर त्यांच्याच कंपनीने उभारलं. आणि मराठी वाचकाला आवर्जून सांगायला हवं असं म्हणजे, १९८३ च्या ‘अर्धसत्य’चे ते एक निर्माते. श्री. दा. पानवलकरांच्या ‘सूर्य’ या कथेवर विजय तेंडुलकरांनी पटकथा लिहिली, ती पडद्यावर आणण्यात या माणसाचा वाटा होता. २०२२ मध्ये उद्यानाची सूत्रं संगमनेरच्या मालपाणी समूहाकडे गेली. इतका इतिहास पुरे.

गर्दी अर्थातच ‘नायट्रो’ या रोलर कोस्टरकडे. किंकाळ्या लांबूनही ऐकू येतात आणि मुलं आईबापांना तिकडेच ओढत नेतात. उन्हातून पाय भाजत फिरणाऱ्यांनी मात्र ‘अलिबाबा और चालीस चोर’ या राईडची वाट धरावी. उद्यान उघड्यावरचं असलं तरी ही राईड पूर्णपणे छताखाली आहे. गाडीत बसायचं, बंदूक हातात घ्यायची आणि अंधारातून जाताना समोर येतील त्या निशाण्यांवर नेम धरायचा. डार्क राईड हा प्रकार अमेरिकेतल्या जत्रांमध्ये १९२० च्या दशकाअखेर रुजला. प्रवाशाच्या हाती बंदूक आली ती बरीच नंतर. फ्लोरिडात डिस्नेची ‘बझ लाइटइयर’ १९९८ मध्ये आली, युनिव्हर्सलची ‘मेन इन ब्लॅक’ २००० मध्ये, आणि या खेळाचं लोण जगभर पसरलं.

अशा राईडचं कसब अंधारात असतं. भिंती, छत, रूळ सगळं काळं रंगवलेलं असतं. उजेड पडतो तो फक्त दाखवायच्या वस्तूवर, त्यामुळे हातभर अंतरावरची भिंत डोळ्याला दिसतच नाही. रूळ मुद्दाम वेडेवाकडे फिरवतात. छोटंसं दालन मग मैलभर पसरल्यासारखं वाटतं आणि आत शिरलेल्या माणसाचं दिशांचं भान सुटतं. बंदुकीतून गोळी सुटत नाही. सुटतो तो प्रकाशाचा ठोका, बहुतेक ठिकाणी डोळ्यांना न दिसणारा अवरक्त. निशाण्यात बसवलेला डोळा तो टिपतो, दिवा लागतो, एखादी बाहुली हलते आणि नेम धरणाऱ्याच्या नावावर गुण जमा होतात. प्रत्येक बंदुकीच्या ठोक्याची खूण वेगळी ठेवता येते, म्हणून शेजारच्याचे गुण आपल्या खात्यात येत नाहीत. फुगे फोडायची छर्ऱ्याची बंदूक जत्रेतून हळूहळू नाहीशी होते आहे. तिची हौस आता अशी भागते.

दारापाशी उभ्या असलेल्या एका कर्मचाऱ्याचं निरीक्षण मोलाचं वाटलं. “पहिल्या वळणाला सगळे नुसते बघत राहतात. बंदूक आठवते तोवर अर्धे चोर मागे पडलेले असतात.” लहान मुलं मोठ्यांपेक्षा जास्त गुण घेऊन उतरतात, असंही तो म्हणाला.

पण या राईडमागे जी गोष्ट आहे ती बंदुकीपेक्षा कितीतरी सरस. ‘अरेबियन नाइट्स’च्या मूळ अरबी हस्तलिखितांत अलिबाबा नाहीच. सीरियातल्या अलेप्पो शहराचा हन्ना दियाब नावाचा तरुण १७०९ मध्ये पॅरिसमध्ये होता. त्याने ही गोष्ट आंत्वान गालाँ या फ्रेंच पंडिताला तोंडी सांगितली. गालाँने तिचा सारांश रोजनिशीत उतरवून घेतला आणि पुढे ती फुलवून लिहिली. १७१७ मध्ये गोष्ट छापून आली तेव्हा तो स्वतः हयात नव्हता. सांगणाऱ्या दियाबचं नाव पुस्तकात कुठेच आलं नाही. त्याच्या आठवणींचं हस्तलिखित व्हॅटिकनच्या ग्रंथालयात मिळालं आणि तो कोण होता हे जगाला नीट कळलं ते अगदी अलीकडे. ज्याच्या तोंडून ‘तिळा उघड’ जगभर गेलं, त्याला तीनशे वर्षं कुणी विचारलं नाही, ही खंत वाटण्याजोगीच गोष्ट आहे.

आणि या गोष्टीत चोरांना हरवतं कोण? अलिबाबा नव्हे. मर्जिना. चोरांनी अलिबाबाच्या दारावर खडूने खूण केली, तर या दासीने आळीतल्या सगळ्या दारांवर तशीच खूण करून ठेवली. पुढे तेलाचा व्यापारी बनून चोरांचा सरदार पाहुणा आला. त्याने आणलेल्या अडतीस बुधल्यांपैकी एकातच तेल होतं, सदतीसांत चोर दबा धरून बसले होते. दिव्यासाठी तेल आणायला गेलेल्या मर्जिनाने आतून आलेला आवाज ऐकला आणि न डगमगता सरदाराच्या आवाजात उत्तर दिलं, “अजून वेळ आहे.” मग चुलीवर तेल उकळलं आणि बुधल्यांत ओतलं. सरदाराला तिने नाचता नाचता खंजिराने संपवलं. भीषण आहे खरं, पण सगळी करामत डोक्याची.

रांगेत साताऱ्याकडच्या एक आजी नातवंडांना घेऊन उभ्या होत्या. मर्जिना म्हटल्यावर त्यांना चटकन हेमा मालिनी आठवली, १९८० च्या भारत-सोव्हिएत चित्रपटातली. नातवंडांना मर्जिना माहीत नव्हती. “आमच्याकडं पुस्तक होतं की गं,” आजी म्हणाल्या, “कुठं गेलं कुणास ठाऊक.”

पुस्तकं खरोखरच होती. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी १८६१ पासून ‘अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी’ मराठीत आणायला सुरुवात केली आणि कित्येक पिढ्या त्यांवर वाढल्या. रत्नाकर मतकरींनी तर मुलांच्या रंगभूमीवर अलिबाबाचं खेचर आणि एकोणचाळिसावा चोर अशी जोडी उभी केली. घराघरातल्या कपाटातून आज ही पुस्तकं दिसेनाशी झाली आहेत. गुण मोजत उतरणाऱ्या मुलांना चाळीस चोर पाठ असतात, त्यांना पुरून उरलेली मुलगी मात्र ठाऊक नसते.

थंडीत शाळांच्या सहली इकडे येतात. बसमध्ये गाण्याच्या भेंड्या होतातच. त्या थोड्या आवरत्या घेऊन शिक्षकांनी एवढी गोष्ट सांगावी. पुण्याकडून येणारी बस बोरघाट उतरेपर्यंत ती सांगून होते.