आपला माणूस कोण?

स्कारबरोत नवीन मराठी माणूस भेटला की पहिला प्रश्न ‘गाव कुठलं?’ आणि दुसरा ‘आडनाव काय?’ गाव विचारणं साहजिक आहे. आडनावावरून मात्र जातीचा अंदाज बांधला जातो आणि कुणाला जेवायला बोलवायचं, कुणाला बेसमेंट भाड्यानं द्यायचं, हेही मनात ठरून जातं. मी ख्रिस्ती आहे म्हटल्यावर तिसरा प्रश्न येतो, ‘हो, पण मूळचे कोण?’

बाहेरचेच हे विचारतात असं नाही. अहमदनगरकडच्या आमच्या मंडळीत लग्न जुळवताना हाच प्रश्न मी लहानपणापासून ऐकत आलोय. तिथल्या बहुतेक ख्रिस्ती कुटुंबांच्या पूर्वजांनी जातीचा जाच सोसला, तरी जात पुरती सुटली नाही.

बायबलमधल्या याकोबाच्या पत्रात, दुसऱ्या अध्यायात, याचंच उदाहरण आहे. सभेत सोन्याची अंगठी घातलेला एक जण येतो आणि मळक्या कपड्यांतला दुसरा. पहिल्याला मानाची जागा, दुसऱ्याला पायाशी. याकोब याला शिष्टाचारातली चूक म्हणत नाही, सरळ पाप म्हणतो. तिथल्या मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ‘तोंड पाहून स्वीकारणं’ असा आहे. आपण ‘तोंड बघून वाढणं’ म्हणतो, तेच हे.

रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंचं सोवळं लगेच सुटलं नाही. ‘स्मृतिचित्रे’मध्ये त्यांनी तो झगडा मोकळेपणानं लिहिलाय. जात देवानं नव्हे, माणसांनी केली हे पटल्यावर त्यांनी आधी शिवाशिव सोडली. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० मध्ये. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो.

आपल्यावर अन्याय झाला की आपल्याला तो चटकन दिसतो. ‘कॅनेडियन एक्स्पीरियन्स’ नाही म्हणून नोकरी नाकारणं हा भेदभाव ठरू शकतो, असं ओंटारिओ मानवाधिकार आयोगानं २०१३ मध्ये म्हटलं, तेव्हा सगळे इमिग्रंट खूश झाले. मार्च २०२३ मध्ये टोरोंटोच्या शाळा मंडळानं, स्कारबरो नॉर्थच्या विश्वस्त यालिनी राजकुलसिंगम यांच्या ठरावावरून, शाळांतल्या जातिभेदाची दखल घेतली. मतदान १६ विरुद्ध ५ झालं. त्या वेळी मात्र ‘इथे कुठे आलीय जात?’ असं म्हणणारे आपल्यातच पुष्कळ होते.

पूर्वग्रहाला नावं ठेवणं तसं सोपं आहे. पक्षपात ओळखायला अवघड, कारण तो प्रेमाच्या रूपात येतो. ‘आपलाच मुलगा आहे, तुझ्या कंपनीत रेफर कर,’ असे फोन मला नेहमी येतात. मी आधी मुलाचं काम बघतो. त्यावरून मंडळीतले एक काका माझ्याशी महिनाभर बोलले नाहीत. वाईट वाटलं. पण त्याच जागेसाठी असा एखादा मुलगाही अर्ज करत असतो, ज्याचा या देशात कुणीच काका नाही. रविवारी चर्चमध्ये तो माझ्याशेजारी येऊन बसला, तर मी त्याच्या डोळ्याला डोळा देऊ शकलो पाहिजे.