मोत्याचा डूल आणि नाव नसलेली मुलगी

निळ्या-पिवळ्या कापडाचा फेटा बांधलेली एक मुलगी मान वळवून आपल्याकडे पाहते आहे. ओठ किंचित विलग झालेले, कानात थेंबासारखा टपोरा मोती. तिला काही सांगायचे आहे, की तिने नुकतेच काही ऐकले आहे? नेदरलँड्समधल्या हेग शहरातील मॉरित्सहाउस संग्रहालयात हे चित्र पाहणाऱ्या प्रत्येकाला हाच प्रश्न पडतो.

योहानेस व्हर्मीर या डच चित्रकाराने साधारण १६६५ मध्ये हे चित्र रंगवले. १८८१ मध्ये एका लिलावात ते अवघ्या दोन गिल्डर आणि तीस सेंटला विकले गेले! आज त्याची किंमत करणेही अवघड. पण ही मुलगी कोण, हे मात्र कुणालाच ठाऊक नाही.

ट्रेसी शेव्हालिये या लेखिकेने एकोणिसाव्या वर्षी या चित्राचे पोस्टर विकत घेतले आणि आपल्या खोलीत लावले. पुढे कित्येक वर्षे ते तिच्या सोबत होते. एके दिवशी पुढची कादंबरी कशावर लिहावी या विवंचनेत ती अंथरुणावर पडली होती. नजर पोस्टरकडे गेली आणि मनात आले, चित्रकाराने असे काय केले असेल की ही मुलगी त्याच्याकडे अशी पाहते आहे? त्या सुमारास शेव्हालिये आई होणार होती. बाळ येण्याआधी पुस्तक पुरे करायचे, या घाईने ती लिहीत राहिली. १९९९ मध्ये ‘गर्ल विथ अ पर्ल इअरिंग’ प्रसिद्ध झाली. २००३ मध्ये तिच्यावर चित्रपटही निघाला.

चिरलेल्या भाज्यांचे रंग

कादंबरीतली ग्रीट सोळा वर्षांची. वडील फरशांवर चित्रे काढणारे कारागीर. भट्टीतल्या स्फोटात त्यांची दृष्टी गेली. घर चालवायचे म्हणून मुलीला कामाला धाडायचे ठरते. व्हर्मीर तिला पाहायला येतो तेव्हा ती सारासाठी भाज्या चिरत असते. चिरलेल्या भाज्या तिने रंग पाहून वेगवेगळ्या मांडलेल्या असतात. चित्रकाराचे लक्ष नेमके तिथेच जाते. पुढे ग्रीट त्याची खोली झाडते, रंग कुटते आणि एक दिवस मालकिणीचा डूल कानात घालून त्याच्यासमोर बसते. घरात वादळ उठते, आणि त्याचा फटका बसतो तो मोलकरणीलाच.

अर्थात, ग्रीट प्रत्यक्षात होऊन गेली, याला कसलाही पुरावा नाही. पण तिच्या भोवतीचे घर खरे आहे. डेल्फ्ट गाव खरे, सासूच्या घरात राहणारा चित्रकार खरा आणि पोराबाळांचा गोतावळाही खरा. व्हर्मीर १६७५ मध्ये वारला, तेव्हा मागे पत्नी कॅथरिना, अकरा मुले आणि कर्ज उरले. पावाची उधारीच सहाशे गिल्डरच्या वर गेली होती. तिच्यापोटी दोन चित्रे बेकरीवाल्याकडे ठेवावी लागली.

त्या घरात एक खरी मोलकरीणही होती. तिचे नाव टानेके. कॅथरिनाचा भाऊ गरोदर बहिणीच्या अंगावर काठी घेऊन धावून गेला, तेव्हा टानेकेने त्याला अडवले. १६६६ मधल्या एका जबानीत तिने हे सांगितले, म्हणून तिचे नाव कागदावर उरले. शेव्हालियेने टानेकेलाही कादंबरीत जागा दिली. कागदपत्रे जिथे थांबली, तिथून तिची कल्पना पुढे निघाली.

मोती की काच?

२०१८ मध्ये संग्रहालयाने हे चित्र आधुनिक यंत्रांनी तपासले. २०२० मध्ये निष्कर्ष जाहीर झाले. आज काळीभोर दिसणारी पार्श्वभूमी मुळात हिरव्या पडद्याची होती. पापण्यांचे बारीक केसही सापडले. फेट्याचा निळा रंग आजच्या अफगाणिस्तानातून आलेल्या मौल्यवान दगडाचा होता. आणि तो मोती? पांढऱ्या रंगाचे मोजके फटकारे, बस्स! कानात अडकवायची कडीसुद्धा नाही. एवढा मोठा मोती खरा असणे कठीण, तो काचेचा असावा, असे काही अभ्यासकांना वाटते.

यंत्रांना इतके सगळे दिसले, पण मुलीचे नाव काही सापडले नाही. कुणाच्या तरी घरची लेक त्या दिवशी चित्रकारासमोर उजेडात बसली असावी, एवढेच म्हणता येते. तिला घर होते, काम होते, काळज्या होत्या, हे आपल्याला जाणवते ते कादंबरीमुळे. कुठे हे चित्र दिसले तर मोत्यावरून नजर काढून क्षणभर त्या मुलीकडे पाहा.