मोटारसायकलीसाठी बंदिस्त ट्रेलर
अमेरिकेत सहकुटुंब सहलीस निघणारे कित्येक जण मोटारसायकल बंदिस्त ट्रेलरमधून नेतात. पाऊस, धूळ व चोर यांपासून ती सुरक्षित राहते. मात्र हवेचा रोध वाढून इंधन अधिक लागते. निवड करताना लांबीआधी वजन पाहावे. ट्रेलर ५५०, मोटारसायकल ३८० व सामान १५० किलोग्रॅम धरल्यास एकूण भार १,०८० किलोग्रॅम होतो. त्याचा १० ते १५ टक्के, म्हणजे १०८ ते १६२ किलोग्रॅम, भाग जोडदांड्यावर पडावा लागतो आणि तो मोटारीलाही पेलवला पाहिजे. तो कमी पडल्यास ट्रेलर वेगात हेलकावे खाऊ लागतो. म्हणून मोटारसायकल आसाच्या किंचित पुढे उभी करून चार पट्ट्यांनी तळाच्या कड्यांना बांधतात. बाजूचे दार ही चैन वाटते खरी. पण पट्टे आवळण्यासाठी आत शिरताना त्याची उपयुक्तता कळते.