तुऱ्यापासून बेण्यापर्यंत



को ८६०३२ हा ऊस ज्याने पाहिला नाही असा सभासद विरळाच. पण या आकड्यांचा अर्थ? 'को' म्हणजे कोइमतूर आणि ८६ म्हणजे १९८६ साल. त्या साली तिथल्या ऊस पैदास संस्थेत त्याला नंबर मिळाला. आपल्या महाराष्ट्रात तो प्रसारित झाला १९९६ साली. नंबर मिळाल्यावरसुद्धा दहा वर्षे!

हे सांगायचे कारण असे की, सभासदांची मुले-मुली आता कृषी पदवीधर होताहेत. 'संशोधनात जाऊ का?' असे पोराने विचारले की बाप म्हणतो, 'त्यापेक्षा बँकेची परीक्षा दे.' बापाचे अगदीच चुकते असे आम्ही म्हणणार नाही. पीएच.डी. होईतो तिशी गाठते, कायम जागा थोड्या, आणि काम मोठे चिवट.

आपल्या रानात उसाला तुरा आला की आपण कपाळाला हात लावतो. तिथे तुऱ्याचीच वाट पाहतात! दोन जातींचा संकर करायचा, खसखशीएवढे बी धरायचे, रोपे करायची. प्रत्येक रोपाचा गुण निराळा. एक गोड पण काडीसारखे, दुसरे जाड पण फोपसे. मग लागण बघा, खोडवा बघा, रोग बघा. बहुतेक रोपे शेवटी फेकूनच द्यावी लागतात.

जानकी अम्माळ या केरळच्या बाई. १९३१ साली अमेरिकेत मिशिगन विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली आणि १९३४ ला कोइमतूरला उसावर कामाला लागल्या. १९३८ साली त्यांनी उसाचा चक्क मक्याशी केलेला संकर जगापुढे मांडला. त्या काळी एकट्या बाईला हे सोपे गेले नाही. पुढे त्या इंग्लंडला गेल्या, तिथेही काम सोडले नाही.

बरे, यश आले तरी ते टिकेलच असे नाही. डॉ. बक्षी राम यांच्या को ०२३८ या जातीने, २००९ नंतर, उत्तर प्रदेशचा ऊसधंदा पालटला. २०२३ साली त्यांना पद्मश्री मिळाली. पण तोवर त्याच जातीला लाल कुजीने गाठले होते! पुन्हा नवी जात, पुन्हा तुऱ्यापासून सुरुवात.

तेव्हा पोराने विचारलेच, तर त्याला एकदा पाडेगावला न्या. १९३२ पासूनचे ऊस संशोधन केंद्र आहे ते. आपल्या क्षारपड रानात तग धरणारा फुले २६५ तिथलाच. तिथल्या माणसांना एवढेच विचारा, की ही एक जात हाती लागेपर्यंत किती टाकून दिल्या?