चिमणराव, आबा आणि गांधीजी

विनोदी नटावर लोकांचे प्रेम जडले, म्हणजे त्याच्यापुढे एक संकट उभे राहते. ज्या भूमिकेने त्यास घरोघर पोचविले, तीतच प्रेक्षक त्याला जन्मभर कोंडू पाहतात. श्री. दिलीप प्रभावळकर यांनी हे संकट कसे टाळले, हे पाहण्यासारखे आहे.

चिं. वि. जोशी यांचा चिमणराव १९४० सालीच दामुअण्णा मालवणकरांनी ‘लग्न पहावे करून’ या चित्रपटात रंगविला होता. पुढे मुंबई दूरदर्शनवरील मालिकेत तोच भिडस्त गृहस्थ प्रभावळकरांनी साकारला, आणि ते साऱ्या महाराष्ट्राचे चिमणराव झाले. परंतु तेथेच ते थांबले नाहीत. १९९१ च्या ‘चौकट राजा’त ते मनाने बालकच राहिलेला नंदू झाले, तर १९९३ च्या ‘झपाटलेला’त खुनशी तात्या विंचू. २००१ साली त्यांच्याच ‘अनुदिनी’ या पुस्तकावरून ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ ही मालिका सुरू झाली; तीत मुलासुनेच्या घरी नातवंडांत रमणारे आबा ते झाले. २००६ च्या ‘लगे रहो मुन्नाभाई’त तर प्रत्यक्ष गांधीजी! त्या वर्षीच्या राष्ट्रीय पुरस्काराचेही ते मानकरी ठरले.

रूपे इतकी निराळी. परंतु आपल्या पात्राची टवाळी त्यांनी कधी केली नाही. चिमणरावास आपण हास्यास्पद आहोत याचा पत्ताच नसतो, आणि नटही त्याला तो लागू देत नाही. म्हणूनच आबांना हसता हसता आपल्या घरातील वडीलधाऱ्यांशी चार शब्द बोलावेसे वाटू लागते.